आत्याचा डबा

"खालच्या गल्लीचे डबे नेतोस, त्यात तुझ्या आत्याचा कसा नाही रे?" आचारणीनं हातातली पळी शिंप्यावर रोखली.

"नको म्हणते ती. रोज विचारतो. डबा हवा का म्हटलं, की हात हलवून 'बरं आहे, बरं आहे' करते. सख्खी आत्या आहे माझी, मी काय उपाशी ठेवीन तिला?"

"आणि तिला ऐकू कधीपासून यायला लागलं?"

"ओठ बघून कळतं तिला. आम्ही कायम असेच बोलतो."

आचारीण नुसती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. शिंप्याचा हात आपसूक मास्ककडे गेला आणि त्याचा चेहरा पडला.

साथ आल्यापासून गावानं शाळेत चूल मांडली होती. म्हाताऱ्याकोताऱ्यांना, अपंगांना घरपोच डबा मिळायचा. खालची गल्ली शिंप्यानं आपणहून अंगावर घेतली होती. शिवाय गावातल्या प्रत्येक तोंडावरचा मास्क त्याच्याच मशीनवर शिवलेला, दुहेरी कापडाचा, नाकापासून हनुवटीखालपर्यंत सगळं झाकणारा. कुणी वाखाणलं, की "त्यात काय एवढं" म्हणायचं आणि दिवसभर हवेत तरंगायचं, असं त्याचं चाललं होतं.

आत्याचे कान मळणीयंत्रावर राबता राबता गेले, हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं? ह्याला तर लहानाचा मोठा तिनंच केलेला. पण साहेब रोज कुंपणाबाहेरून ओरडायचे, तिनं हात हलवला की पुढच्या दाराला जायचे.

आचारणीनं एक डबा भरून दिला. तो घेऊन शिंपी निघाला तेव्हा ऊन नुसतं भाजत होतं. वाटेवरच्या रानात नांगरटीची ढेकळं वाळून पांढरी पडली होती, माणूस कुठं दिसत नव्हतं. खुरपणी बंद म्हणजे आत्याची मजुरीही बंद, हे त्याला आत्ता सुचलं. इतके दिवस सुचलं नव्हतं याची लाज वाटून तो भराभरा पाय उचलू लागला.

आत्या दारातच बसली होती. वाटीतल्या पाण्यात शिळे वाळके तुकडे भिजवत होती. त्यानं डबा पायरीवर ठेवला आणि मागं सरून कुंपणापाशी उभा राहिला. तिनं झाकण काढलं, वाफ लागली तशी क्षणभर थांबली, आणि मग मान वर न करता खात सुटली. ते खाणं त्याला बघवेना.

थोडं पोटात गेल्यावर ती म्हणाली, "आज डब्याची कशी आठवण झाली रे?"

त्यानं मास्क खाली ओढला. सावकाश म्हणाला, "मी रोज येत होतो, आत्या. डबा हवा का विचारत होतो."

"होय? मला वाटलं, खुशाली विचारतोस." ती हसली. "सगळ्या गावाची तोंडं शिवून टाकलीस, मला मेलीला कळणार कसं?"

"मग 'काय म्हणतोस' म्हणून विचारायचं नाही?" रागवायचं तोंड नव्हतं, तरी तो रागावला.

"पूर्वी विचारायची की. तू वैतागायचास. गिऱ्हाइकं बसलेली असायची दुकानात, त्यांच्यासमोर म्हणायचास, किती वेळा सांगू? तेव्हापासून मी आपली बरं आहे म्हणून टाकते. तुझा खोळंबा नको."

ती हे कुरकुरत म्हणाली असती तर त्याला सोसलं असतं. ती अगदी सहज म्हणाली. शिंप्याला कुठं तोंड लपवू असं झालं, आणि झाकायला मास्क होता तो आता वर ओढता येत नव्हता.

"चुकलो, आत्या."

"काय?"

"चुकलो म्हणतो!"

समोर लोहाराचं दार किलकिलं झालं. शेजारची सुईण पाण्याची घागर तशीच धरून उभी राहिली.

"नीट बोल की रे. काय म्हणतोस?"

"माझं चुकलं!" तो ओरडला. आवाज फाटला. "गावभर डबे वाटले, आणि तुला उपाशी ठेवलं मी!"

आत्या घास हातात तसाच धरून त्याच्या ओठांकडे बघत होती. तिला सगळं कळलं होतं, डोळ्यांत दिसतच होतं. तरी तिनं घास तोंडात घातला, सावकाश चावला आणि विचारलं,

"काय?"

त्यानं पुन्हा सांगितलं.