ठकीचं म्हातारपण

वाल्मिकच्या डाव्या भुवईवर जी चीर दिसते, ती मी पाडली. धुणं बडवायच्या दांडक्याने, भर पाहुण्यांत. मुलीला बघायला आलेल्या मंडळींच्या चहाच्या कपात रक्त उडालं. वाल्मिक माझा धाकटा दीर. त्याला मी एकच फटका दिला, कारण दुसऱ्याच्या आत त्याच्या बायकोने, शोभाने, माझा हात धरला. तिने धरला नसता तर काय झालं असतं ते मला माहीत आहे. गावात म्हणतात, जयाबाईचं डोकं फिरलं, एका मांजरापायी घरचं माणूस फोडलं. म्हणोत बापडे.

मांजराचं नाव ठकी. लोकांना वाटतं, नवरा गेला त्याची आठवण म्हणून मी तिला जपत होते. नवरा तिला लाथेने उडवायचा. मी तिला जपत होते कारण त्या घरात कोणालाही भीक न घालणाऱ्या आम्ही दोघीच होतो. तरुणपणी तिच्याइतकं खुनशी जनावर आमच्या वस्तीवर नव्हतं. उंदीर नुसता मारून तिचं भागत नसे, मुंडकं वेगळं करून ती दाराशी ठेवायची. कडब्याच्या गंजीत साप निघाला तेव्हा बाप्ये काठ्या शोधत राहिले आणि हिने त्याची मान चावून तोडली. एका बोक्याने तिची पिल्लं खाल्ली. पुढच्या वेळी तो ओसरीवर आला तेव्हा तिने त्याचा डोळा काढला. तिचा अर्धा कानही त्याच मारामारीत गेला.

असं जनावर म्हातारं झालेलं बघवत नाही. सतरावं वर्ष ओलांडल्यावर तिचे दात पडले, डोळ्यांवर पांढरं आलं. उडी मारायची खोड मात्र जाईना. ओट्याच्या अंदाजाने उडी टाकायची आणि अर्ध्यातच फरशीवर आदळायची. मग ती पाणी फार प्यायला लागली, जिथे बसेल तिथे मुतायला लागली. कोपरगावच्या डॉक्टरांनी पोट चाचपून सांगितलं की मूत्रपिंडं गेली आहेत, घरातलं मांजर तेरा-चौदा वर्षं जगतं, पंधरा म्हणजे पुष्कळ झाली, ही तर वरचं आयुष्य खाते आहे. त्यांनी मला कातडीखाली सलाईन द्यायला शिकवलं. मानेवरची कातडी चिमटीत उचलून सुई घालायची आणि गार वाटू नये म्हणून बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची. बिनमिठाचं कोंबडीचं पाणी बोटाने चाटवायचं. नखं वाढून पंजात रुततात, ती कापायची. हगायमुतायला वाळू बसक्या ताटलीत ठेवायची, कारण पाय उचलवत नाही. अंगणवाडीत दुसऱ्यांची पोरं सांभाळून माझा जन्म गेला, मला हे जड नव्हतं.

दिवाळीनंतर डॉक्टर म्हणाले, आता तिला फार दुखतंय, झोपेची सुई देऊ, तिला कळणारही नाही. मी ठकीला पदरात गुंडाळलं आणि उठून चालती झाले. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं, हे आमच्याकडे दूध पिती पोरंही जाणतात. सोनं कोण देतंय म्हणा. पण मांजर आपल्या हातून मरता कामा नये, हे माझ्याही डोक्यात घट्ट बसलेलं. ती माझ्या गोधडीवर, तिच्या वेळेला मरेल, असं मी ठरवून टाकलं. मला तेवढंच हवं होतं.

आणि नेमकी पूजाला बघायला श्रीरामपूरची मंडळी यायच्या दिवशी, सकाळी, ठकी बैठकीतल्या नव्या गादीवर मुतली. पूजा वाल्मिकची थोरली. तिच्या लग्नासाठी तो इतका हवालदिल झाला होता की पाहुणे म्हटलं की त्याला घाम फुटायचा. त्याने ठकीला लाथ घातली. ती भिंतीवर आपटली आणि तिथेच पडून राहिली, ओरडलीसुद्धा नाही. मी त्याची गचांडी धरली, त्याने मला ढकललं, माझं कोपर चौकटीवर सोलून निघालं. शोभा मध्ये पडली. मी ठकीला गोधडीवर ठेवलं आणि गादीचं कव्हर, उरलेलं धुणं आणि दांडकं घेऊन विहिरीवर गेले. तिथेच मी चुकले. तिला काखेत मारून न्यायला हवं होतं.

नकोसं मांजर सोडायची आमच्याकडे एक रीत आहे. पोत्यात घालायचं, तोंड बांधायचं, पोतं गरगर फिरवायचं म्हणजे दिशा कळत नाही, आणि पाण्यापलीकडे नेऊन सोडायचं म्हणजे परत येत नाही. वाल्मिकने सगळं रीतसर केलं. जिला आपल्या ताटलीपर्यंत जाता येत नव्हतं, तिची वाट चुकावी म्हणून त्याने तिला युरियाच्या पोत्यात घालून अंगणात गरगर फिरवलं. मग पोतं मोटारसायकलला अडकवलं आणि गोदावरीचा पूल ओलांडून तिला सोडून आला.

मी विहिरीवरून आले तेव्हा पाहुणे बसले होते आणि गोधडी रिकामी होती. शोभाला विचारलं तर ती दुसऱ्या खेपेचा चहा ढवळत राहिली. मी ओल्या लुगड्यानिशी बैठकीत गेले. वाल्मिक घाईघाईने उठून माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला,

"मारलं न्हाई वैनी म्या. पल्याड चिकनवाल्यांच्या खड्ड्यापाशी सोडलं. आतडी पडल्याली असत्यात तितं, खायला तरी मिळंल तिला."

तो थट्टा करत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की त्याने दया केली. दांडकं माझ्या हातातच होतं.

तो गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बोटांमधून रक्त मनगटावर आलं. मुलाची आई किंचाळत दाराकडे पळाली. तेवढ्यात पूजा, साडी नेसलेली, डोक्यावर पदर घेतलेली, पोह्यांची बशी खाली ठेवून उठली आणि खुंटीवरची स्कूटीची किल्ली घेतली. बापाकडे तिने एकदा बघितलं. मग मला म्हणाली, "मोठीआई, चल."

त्या खड्ड्यावरची कुत्री भाकरीवर वाढलेली नाहीत. कच्च्या आतड्यांवर पोसलेली, वासरासारखी माजलेली आहेत, आणि माणूस दिसला तर बाजूला होत नाहीत. पिसांच्या ढिगाऱ्यापलीकडे पाच-सहा कुत्र्यांचा घोळका होता. आतून आवाज येत होता. तो ठकीचा आवाज आहे हे मला आधी कळलंच नाही, इतक्या वर्षांत ती कधी तशी ओरडली नव्हती.

मी घुसले. पहिल्याच्या पाठीत दांडकं घातलं, तो केकाटत बाजूला झाला. दुसऱ्याने माझी पोटरी धरली. दात आत गेलेले कळले, दुखलं नंतर. मी त्याच्या जबड्यावर दांडकं हाणलं, जबडा मोडला आणि दांडकंही मोडलं. उरलेल्या तुकड्याने मी डोळा, नाक, दात, जे समोर येईल ते फोडत सुटले. पूजा मागून दगड मारत होती आणि बापाला मोठमोठ्याने शिव्या देत होती. सगळ्यांत मोठं काळं कुत्रं ठकीला कमरेत धरून हिसडे देत होतं. आणि ठकी, दात नसलेली, आंधळी, त्याच्या नाकावर लटकलेली होती. पुढच्या दोन्ही पायांची नखं तिने त्याच्या नाकपुडीत रुतवली होती. मी तुकड्याचं टोक त्याच्या बरगडीत खुपसलं तेव्हा त्याने तोंड उघडलं आणि ते नदीकडे पळालं.

ठकी पिसांत पडली. कणा मोडला होता, मागचे पाय निर्जीव झाले होते, पोट फाटून आतलं बाहेर आलं होतं. पुढच्या पायांनी ती सरपटत होती आणि ओरडत होती. मी हात लावला तर तिने मलाच ओरबाडलं. पूजाने रडत डॉक्टरांना फोन लावला. ते राहात्याला विताना अडलेली गाय सोडवायला गेले होते, यायला खूप वेळ लागणार होता. कुत्री पुन्हा कडेला जमायला लागली. ठकीचं ओरडणं थांबत नव्हतं.

मी पूजाला पाठ फिरवायला सांगितलं. ती फिरवेना. मग मी गुडघ्यात ठकीचं अंग दाबून धरलं आणि दोन्ही हातांनी तिची मान पिरगाळली. पहिल्यांदा जमलं नाही. माझे हात रक्ताने निसटले आणि तिने माझ्या मनगटावर तोंड आवळलं, त्या बिनदातांच्या हिरड्यांनी. दुसऱ्यांदा मी सगळा जीव लावला. हाड मोडल्याचं मला तळहातात कळलं. मग ती एकदम जड झाली.

मी तिथेच बसून मोठ्याने रडले. डॉक्टरांनी सुई पुढे केली होती तेव्हा मी हात मागे घेतले होते. वाल्मिकनेही तेच केलं. आम्हा दोघांनाही पाप नको होतं, म्हणून आम्ही ते कुत्र्यांवर सोपवलं. ती झोपेत जाऊ शकत होती, माझ्या मांडीवर. मला याचा इतका राग आला की कोणाला मारावं ते कळेना.

तिला पदरात घेऊन आम्ही घरी आलो तेव्हा पाहुणे निघून गेले होते. वाल्मिक डोक्याला फडकं बांधून ओसरीवर बसला होता. फडकं लाल झालं होतं. त्याने पदराकडे बघितलं आणि कुत्र्यांनी मारलं का म्हणून विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले. "म्या मारलं. ह्या हातांनी मान मोडली तिची."

दांडकं बसलं तेव्हा त्याने हूं की चूं केलं नव्हतं. आता मात्र तो ताडकन उठला आणि दोन्ही हात पसरून दारात उभा राहिला.

"वैनी, घरात नका येऊ. पूजाचं लगीन व्हायचं हाय. लई पाप हाय त्ये."

तो मनापासून घाबरला होता. मुलीसाठी घाबरला होता. मला त्याची कीव आली, आणि तरीही त्याला ढकलून द्यावंसं वाटलं.

"वाल्मिक," मी म्हणाले, "तुला ह्याच पापाचं भ्या वाटलं. मला बी वाटलं. म्हनून ती अशी मेली."

तो हलला नाही. पूजा माझ्या शेजारी आली. नवी साडी, हातभर बांगड्या, पायाला कोंबडीची पिसं चिकटलेली. तिने ठकीचं रक्त वाळलेला माझा उजवा हात आपल्या हातात घेतला, बोटांत बोटं घातली, आणि बापाच्या समोर जाऊन उभी राहिली.

"सरा, आप्पा," ती म्हणाली.

वाल्मिकने तिच्या हाताकडे बघितलं. आता ते रक्त तिच्याही हाताला लागलं होतं. मग त्याने चौकट सोडली आणि तो बाजूला झाला.