पैसे जमा

लेथवाल्याने दार ढकललं असतं तर ते उघडलं असतं. कडी लावलेली नव्हती. त्याने हातोड्याने काच फोडली आणि त्या भगदाडातून आत आला. मी संगणकावरून मान वर करेपर्यंत त्याने माझ्या भावाला, बारक्याला, कॉलर धरून खुर्चीतून उचललं होतं.

"माझे पैसे कुठायत?"

"काका, आधी कॉलर तर..."

हातोड्याचा दांडा बारक्याच्या तोंडावर बसला. ओठ फाटला. एक दात कीबोर्डवर पडला आणि तिथेच राहिला.

हा माणूस आमच्या बाजारातला पहिला विकणारा होता. वापरलेल्या यंत्रांची खरेदी-विक्री करून देणारी वेबसाइट बारक्याने आणि मी नुकतीच सुरू केली होती. याने आपली लेथ, लोखंड कातायचं यंत्र, तिथे विकायला ठेवली, परगावच्या एका कारखानदाराने ती घेतली, आणि सकाळीच ती लॉरीत चढून गेली होती. पैशांची व्यवस्था मी बसवली होती. गिऱ्हाइकाने भरलेले पैसे विकणाऱ्याकडे थेट जात नाहीत. मधल्या एका खात्यात थांबतात. यंत्र पोचलं, गिऱ्हाइकाने 'माल मिळाला' हे बटण दाबलं, की पुढे सरकतात. मी पदार्थविज्ञान शिकले आहे. एका बाजूलाच उघडणारी झडप ही मला फार समाधानाची गोष्ट वाटते.

पैसे मधल्या खात्यात आले की विकणाऱ्याला फोनवर निरोप जातो. तो मी असा लिहिला होता: 'गिऱ्हाइकाने भरलेले पैसे आमच्याकडे थांबले आहेत, यंत्र पोचल्यावर तुम्हाला मिळतील.' बारक्याने तो खोडला. "ताई, हा निरोप आहे की प्रयोगाचं जर्नल? एवढं वाचतंय कोण?" त्याने दोनच शब्द ठेवले: पैसे जमा. कुठे जमा, ते निरोपात नव्हतं. शब्द चुकीचा नव्हता, म्हणून मीही ताणलं नाही.

लेथवाल्याने खिशातून फोन काढून माझ्या तोंडासमोर नाचवला. "वाचा, बाई! शिकलेल्या आहात ना? काय लिहिलंय?"

"पैसे जमा."

"याच्या भरवशावर मशीन चढवू दिली मी. दुसरी छोटी मशीन घ्यायला गेलो. तिच्या मालकाला हे दाखवलं. त्याने मला बँकेत नेलं, तर खात्यात छदाम नाही. चारचौघांत भामटा म्हणाला मला. उभ्या जन्मात मला कोणी भामटा म्हटलेलं नाही!"

"ते पैसे सुरक्षित आहेत," मी म्हणाले. "फक्त अजून..."

"जमाच आहेत की, काका," बारक्या रक्त थुंकत म्हणाला. "फक्त तुमच्याकडे नाहीत."

त्याची जीभ लहानपणापासून अशीच. मार बसला की जास्त चालते. लेथवाल्याच्या डोळ्यांत रक्त उतरलेलं मी पाहिलं. त्याने बारक्याला केसांना धरून भिंतीकडच्या मेजाशी ओढत नेलं. विकायच्या वस्तूंचे फोटो आम्ही त्या मेजावर काढायचो. मेजाला एक व्हाइस, म्हणजे दांडा फिरवून जबडे आवळायचा शिकंजा, बोल्टने घट्ट बसवलेला होता, फोटोत वजनदार दिसावा म्हणून. त्याने बारक्याचा उजवा पंजा त्या लोखंडी जबड्यांमध्ये घातला आणि दांडा फिरवला. यंत्रावर आयुष्य गेलेला माणूस होता. त्याचा हात कुठे अडखळला नाही. जबडे पंज्याला भिडले, आणखी थोडे सरकले, आणि बारक्या ओरडला.

मी दाराकडे धावले. हातोडा माझ्या कानाजवळून गेला आणि कपाटात घुसला.

"जागची हलू नका. पैसे पाठवा, मग हा सुटेल."

व्हाइसचा दांडा लांब असतो आणि स्क्रूचे आटे बारीक. मनगटाच्या साध्या जोराचं दोन जबड्यांमध्ये काय होतं हे मला माहीत होतं. मी फोन उचलला आणि गिऱ्हाइकाला लावला. मोठ्या आवाजावर ठेवला, म्हणजे लेथवाल्यालाही ऐकू जाईल.

"लॉरी पोचली का तुमच्याकडे?"

"अजून नाही हो. वाटेत आहे म्हणतो ड्रायव्हर."

"तुम्ही माल मिळाल्याचं बटण आत्ताच दाबाल का? माझी विनंती आहे. इथे प्रसंग वाईट आहे."

"असं कसं? मशीन डोळ्यांनी न बघता? तुम्हीच म्हणालात ना ताई, बघितल्याशिवाय हो म्हणायचं नाही?"

मीच म्हणाले होते. मागे बारक्या किंचाळला तशी पलीकडची व्यक्ती घाबरली आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला तर उचलला नाही.

"सगळे एकाच माळेचे मणी," लेथवाला म्हणाला आणि दांड्याला हिसका दिला.

"थांबा! दुसरी वाट आहे." मी दोन्ही हात वर धरले होते. "गिऱ्हाइकाने हो म्हणायच्या आधी पैसे सोडता येतात. पण धंदा बारक्याच्या नावावर आहे. त्याच्या अंगठ्याशिवाय ते होत नाही. उजव्या अंगठ्याशिवाय."

आम्ही तिघांनीही व्हाइसकडे पाहिलं. जबड्यांच्या वर अंगठा तेवढा उभा होता, काळानिळा, फुगलेला.

"वा," बारक्या दातांतून म्हणाला. "किल्लीच चेचा आता, काका."

"बारक्या, गप्प बस!"

मी बारक्याचा फोन घेऊन जवळ गेले. अंगठा काचेवर टेकवला. ठसा जुळला नाही. रक्त आणि घाम माझ्या ओढणीने पुसून पुन्हा टेकवला. जुळला नाही. अंगठा थंड होता. कातडी ताणून गुळगुळीत झाली होती. तिच्यावरच्या रेषा वाचण्यासारख्या उरल्याच नव्हत्या.

"हे बघा," मी शक्य तितक्या सावकाश म्हणाले, "पंज्यातून रक्त खेळायला हवं. तुम्ही थोडं सैल करा. सूज उतरेल, ठसा उमटेल, पैसे जातील. मी खरं सांगतेय."

"सैल केलं की हा पळेल."

"पळतोय कुठे? माझंच ऑफिस आहे हे," बारक्या म्हणाला. मग त्याचा आवाज एकदम बदलला. "ताई, बोटं जाणवत नाहीयेत मला. ताई, माझी बोटं."

लेथवाल्याने दांडा नुसता धरून ठेवला होता आणि तो कुठल्या बाजूला फिरवायचा हे त्याचं त्यानेच ठरवलेलं नसावं, असं मला आज वाटतं. तेव्हा तसं काही वाटलं नाही. मेजावर फोटोसाठी ठेवलेली पोलादी सळई होती. मी ती उचलली आणि त्याच्या दांडा धरलेल्या हातावर, कोपराच्या वर, अंगातला सगळा जोर एकवटून मारली.

हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. पुढचा आवाज त्याच्या हाताचा नव्हता. कोलमडताना त्याने दांडा सोडला नाही. त्याचं सगळं वजन दांड्याच्या टोकाला लोंबलं आणि दांडा त्याच्यासकट खाली आला. लांबी गुणिले वजन. एवढं साधं गणित मी केलं नव्हतं. जबडे मिटले.

बारक्या ओरडलासुद्धा नाही. त्याचं तोंड उघडलं आणि गुडघे गेले, आणि तो व्हाइसला लटकला.

मी लेथवाल्याला लाथा घातल्या. त्याची बोटं दांड्यावरून सुटेपर्यंत, आणि सुटल्यावरही. मग दांडा उलटा फिरवला. रक्ताने हात घसरत होते. दांड्याला ओढणी गुंडाळून फिरवला. पंजा बाहेर आला तेव्हा तो पंज्याच्या आकाराचा नव्हता.

खालच्या मजल्यावरचा टायरवाला काचा तुडवत वर आला. "देवा! पोलिसांना फोन करतो."

"आधी दवाखाना. तुमचा टेम्पो काढा."

"आणि हा?" त्याने लेथवाल्याकडे बोट दाखवलं. तो भिंतीला टेकून बसला होता. मोडलेला हात मांडीत घेऊन लहान मुलासारखा हमसत होता.

"त्यालाही घ्या," मी म्हणाले. का म्हणाले, ते विचारू नका. कदाचित तो पळून जायला नको होता म्हणून.

टेम्पोच्या हौद्यात एका बाजूला मी आणि माझ्या खांद्यावर रेललेला बारक्या, समोर तो. रक्त थांबेना. मी दोन्ही अंगठ्यांनी बारक्याच्या मनगटातली शीर दाबून धरली होती. पंजा छातीपेक्षा उंच ठेवायला हवा होता आणि माझ्याकडे तिसरा हात नव्हता.

"त्याचं कोपर वर धरा," मी लेथवाल्याला म्हणाले.

"हात लावू नकोस मला," बारक्या म्हणाला.

लेथवाला गुडघ्यांवर सरकत आला. धड होता त्या हाताने त्याने बारक्याचं कोपर खालून उचललं आणि उंच धरलं. प्रत्येक खड्ड्यात त्याच्या तोंडातून विव्हळणं बाहेर पडत होतं, कारण दुसरा हात नुसता लोंबत होता. रक्त आता त्याच्या बाहीत उतरू लागलं.

"हलवून बघ," थोड्या वेळाने तो म्हणाला. "एकेक करून. अंगठ्यापासून."

"तुझ्या बापाचा नोकर आहे मी?" बारक्या म्हणाला. पण त्याने बोटं हलवून पाहिली. अंगठा जरासा वाकला. करंगळीच्या टोकाशी काहीतरी थरथरलं. त्यामधली तीन बोटं तशीच राहिली.

"पुन्हा बघ," लेथवाला म्हणाला. "जोर लाव. लाव ना रे पोरा."

बारक्याने जोर लावला. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. बोटं हलली नाहीत. तो रडायला लागला, आणि समोरच्या माणसाला त्याने इतक्या घाणेरड्या शिव्या घातल्या की टायरवाल्याने पुढून एकदा वळून पाहिलं. लेथवाला मान खाली घालून त्या ऐकत राहिला. दवाखान्याच्या दाराशी टेम्पो थांबला, आतून स्ट्रेचर आलं, तरी त्याने कोपर खाली येऊ दिलं नाही. शेवटी वॉर्डबॉयला त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली.