हिम्मतरावांचा साफा

हिम्मतराव गेले आणि नारायणगुड्यातल्या त्यांच्या घरी माणसांची रीघ लागली. जिवंतपणी ज्यांनी त्या उंबऱ्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, तेही येऊन गळा काढून गेले. इंदुताईंना पक्कं ठाऊक होतं, ही गर्दी आपल्या नवऱ्यासाठी नाही, भावासाठी आहे. एकनाथराव निजामाविरुद्धच्या चळवळीत तुरुंग भोगून आलेले, आता शहरातले पुढारी. त्यांच्या मेहुण्याच्या घरी तोंड न दाखवणं कोणाला परवडणार?

याच एकनाथरावांना काल-परवापर्यंत मेहुण्याचं नाव काढलेलं चालत नव्हतं. हिम्मतराव निजामाच्या फौजेत हवालदार होते ना! महायुद्धात मलायात लढले, जपान्यांच्या कैदेत पडले आणि हाडांचा सापळा होऊन परतले. तेव्हापासून पानात भाताचं शीत टाकलेलं त्यांना खपत नसे. लेकीच्या, लहानग्या मालतीच्या ताटातली उरलेली शितं ते स्वतः वेचून खात आणि वर तिलाच हसवत.

रझाकारांचा धुमाकूळ चालू होता तेव्हा एकनाथराव तुरुंगात होते आणि त्यांची बायको भामा मुलांना घेऊन नणंदेकडे आली होती. गणपतीच्या दिवसांत एका दुपारी रझाकार तिला शोधत गल्लीत शिरले. हिम्मतरावांनी वर्दी चढवली, साफा बांधला आणि दारात खुर्ची टाकून बसले.

"घर में मेरे बाल-बच्चे हैं. दूसरा कोई नै. आगे चलो," एवढंच ते म्हणाले.

सरकारी फौजेचा हवालदार पाहून ते पुढे गेले. आत कोठीच्या खोलीत भामा पोराच्या तोंडावर हात दाबून बसली होती.

लवकरच पोलीस ॲक्शन झाली, राज्य गेलं आणि पुढे फौजही मोडली. हिम्मतराव सगळ्यांच्या लेखी निजामाचे हुजरे ठरले. एकनाथराव सुटून आले त्या दिवशी नामपल्ली स्टेशनवर हेही हार घेऊन गेले होते. मेहुण्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. तो हार घरी आणून त्यांनी मुकाट्याने देवांना घातला. मग सरकीच्या गोदामावर राखणदारी करत उरलेलं आयुष्य काढलं. त्यांनी कधी तक्रार केली नाही, आणि इंदुताईंना त्याचाच जास्त राग यायचा.

आता मालती लग्नाची झाली होती. बाप गेला की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. बरकतपुऱ्याच्या, चळवळीतल्या प्रतापरावांच्या मुलाचं स्थळ एकनाथरावांनीच काढलं होतं. प्रतापराव तेराव्याला यायचे होते, म्हणून एकनाथराव हिम्मतरावांची घरातली एकुलती एक मोठी, वर्दी-साफ्यातली तसबीर 'जरा नीट करून आणतो' म्हणून घेऊन गेले.

तेराव्याच्या सकाळी ती भिंतीवर लागली. हिम्मतरावांच्या डोक्यावर साफा नव्हता. पांढरीशुभ्र गांधीटोपी होती, अंगात खादीचा कोट होता. डोळे तेवढे त्यांचे राहिले होते.

"दादा, हे काय?"

"इंदू, पोरीचं भलं बघ," एकनाथराव हलक्या आवाजात म्हणाले. "गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

पंगतीत त्यांनी प्रतापरावांना सांगितलं, मेहुण्यांनी वेळीच नोकरी सोडली होती, आतून चळवळीला मदत करत होते. प्रतापरावांनी तसबिरीला हात जोडले. मग वाढायला आलेल्या भामाला त्यांनी सहज विचारलं, तुम्हाला तर हे सगळं माहीतच असेल.

दाराआडून इंदुताई वहिनीकडे पाहत राहिल्या. नवऱ्याबद्दल एक खरा शब्द, एवढंच त्यांना हवं होतं. तो बोलू शकणारी जगात ही एकच बाई होती.

भामाने नवऱ्याकडे पाहिलं. "हो तर," ती म्हणाली. "त्या वर्दीचा त्यांना फार तिटकारा होता." आणि ती खीर वाढत पुढे गेली.

स्थळ तिथेच पक्कं झालं. मालतीसाठी इंदुताई दाराआडच राहिल्या. पाहुणे उठले तेव्हा प्रतापरावांच्या पानात मूठभर भात तसाच पडला होता.

माणसं पांगल्यावर इंदुताईंनी तसबीर उतरवली, काच काढली आणि ओला पदर टोपीवरून फिरवू लागल्या. पांढरा रंग सुटला. पण खाली साफा नव्हता. रंग धरावा म्हणून रंगाऱ्याने आधी मूळचा साफाच पात्याने खरवडून काढला होता. खाली नुसता खरखरीत पुठ्ठा उरला होता.

भामा पानं उचलता उचलता थांबली. म्हणाली, अहो वन्सं, असं काय करता, व्याही आल्यावर काय म्हणतील?

"म्हणू देत," इंदुताई म्हणाल्या. "तुमच्यासाठी दारात बसले तेव्हा त्यांच्या डोक्यावर साफा होता, वहिनी. तो आज तुम्ही उतरवलात."

आणि ती तसबीर त्यांनी तशीच, बोडक्या डोक्याची, खिळ्याला परत लावली.