काल्याचा चेंडू

फाल्गुन लागला की वारणाकाठच्या पळसोंडीला आग लागते, आणि त्या आगीला धूर नसतो. पर्णहीन पळस उभे राहतात, काळ्या वाकड्या फांद्यांच्या टोकांवर केशरी ज्वाळा पेलत. खाली पसरलेला ताम्रवर्ण माळ. वर निरभ्र, निळे, निष्ठुर आकाश. उन्हाला धार, वाऱ्याला धुळीचा गंध, आणि माळाच्या उत्तरेला गोपाळकृष्णाचे ठेंगणे देऊळ, चुन्याने नुकतेच न्हालेले, शुभ्र, शांत.

त्या देवळात सात दिवस नामाचा सप्ताह चालला होता. आज आठवा दिवस. आज काला.

पळसोंडीचा काला पंचक्रोशीत वेगळा. फार पूर्वी पलटणीतून परतलेल्या एका सुभेदाराने गावात हॉकीच्या काठ्या आणल्या, आणि देवाला न विचारता गावात काही सुरू करायचे नाही म्हणून पहिला चेंडू कीर्तनाच्या गादीवर ठेवला. तो पायंडा आजही आहे. सकाळी काल्याचे कीर्तन. वीणेच्या पायाशी पांढरा चेंडू. बुवा त्याला बुक्का लावतात, हंडी फुटते, दहीलाह्यांचा प्रसाद तळहातांवर विरघळतो, आणि बुवाच तो चेंडू माळावर भिरकावतात. मग वरली आळी आणि खालली आळी, दिवेलागणीपर्यंत, धुळीत धूळ होऊन खेळतात.

यंदा वेशीवर मोठा फलक लागला होता. फलकावर माणिक घोलपचे हसरे छायाचित्र, मागे निळे मैदान, आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलेले: मातीच्या ओढीने परत आलेल्या आपल्या माणिकचे स्वागत.

आठ वर्षे माणिक समुद्रापलीकडे, हॉलंडातल्या मोठ्या लीगमध्ये खेळला. पेनल्टी कॉर्नरचा राजा म्हणत त्याला तिकडे. काठीच्या पात्यावर चेंडू घोळवून तो असा फेकी की डोळ्याला दिसे ती फक्त जाळ्याची थरथर. ऐन भरात, करार हातात असताना, त्याने लीग सोडली. का सोडली, हे विचारायची गरज गावाला वाटली नाही. गावाने उत्तर रंगवून वेशीवर टांगले होते.

माणिक त्या फलकाखालून रोज जाई. रोज मान खाली घालून जाई.

*

कीर्तन रंगात आले होते. सोपानबुवा म्हणजे सत्तरीचा गोड गळा, मृदंगाच्या पाठीवर बसून चालणारा, क्षणात हसवणारा, क्षणात पाणी काढणारा. आख्यान यमुनेच्या चेंडूचे.

"गोपाळांचा चेंडू गेला बरं का कालिंदीत," बुवा म्हणाले आणि थांबले. मृदंगही थांबला. "आणि काठावरची सगळी पोरं गप झाली. पाण्यात काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. चेंडू सगळ्यांना हवा. पाण्यात कोण जाणार?"

नीलजल. कृष्णजल. विषजल.

माणिक टाळकऱ्यांच्या ओळीत बसला होता, वडिलांच्या, दौलतआबांच्या शेजारी. समोर वीणा, वीणेशी चेंडू, चेंडूवर बुक्क्याचा काळाभोर टिळा. तो टिळा त्याच्याकडे पाहत होता, एखाद्या उघड्या, न मिटणाऱ्या डोळ्यासारखा.

आणि त्याला ते दुसरे निळे आठवले. पाणी मारलेले, चकाकणारे, निळे मैदान. मंद करडा उजेड. गोलरेषेवरून झेपावत येणारा समोरच्या संघातला यान. उंच, पिंगट केसांचा, सामन्याआधी आपल्या लेकीला कठड्यावर बसवून आलेला यान. तोंडावर कॉर्नरला घालायचा रक्षक मुखवटा होता. पण मुखवटा घसरायला किती वेळ लागतो? माणिकचे मनगट फिरले, चेंडू सुटला, आणि मग तो आवाज. पिकलेले कवठ दगडावर पडावे, तसा.

अकरा दिवसांनी यान शुद्धीवर आला. त्याचा डावा डोळा परत आला नाही.

माणिक, तुझा दोष नाही, खेळ आहे, असे यानने लिहून कळवले. क्लबनेही तेच सांगितले. पण क्षमेचे ओझे शापाहून जड. शाप देणाऱ्यावर उलटून रागावता तरी येते. त्या दिवसापासून माणिकने काठी उचलली की हात थंड पडे. दंडापासून बोटांपर्यंत, जणू आत कुणी विहिरीचे पाणी ओतत आहे. म्हणून तो आला होता. मातीची ओढ त्याला होती, कुणाला नसते? पण तो आला होता तो भीतीने. इथे, वाटले होते, कुणी मुखवटा घालत नाही, कुणी जोरात मारत नाही, इथे चेंडू म्हणजे प्रसाद.

इथे कुणी मुखवटा घालत नाही. तेच आता टाळाच्या प्रत्येक ठोक्यात ऐकू येऊ लागले.

टाळाचा ठेका चुकला. एकच ठोका. शेजारी दौलतआबांनी डोळे न उघडता ओळखले.

"हात का कापतोय रं?"

"गारठा हाय, आबा."

"फाल्गुनात?" आबा म्हणाले, आणि टाळ वाजवीत राहिले.

आबांची बोटे वेडीवाकडी होती, जुन्या पळसाच्या फांद्यांसारखी. मुरमाच्या माळावर काठीने चेंडू अडवायचा भरवसा नसतो. खडा लागला की चेंडू उसळतो. म्हणून पळसोंडीत आजही जुनी रीत आहे. कॉर्नरला गोलरेषेवरून आपल्याच गड्याने सोडलेला चेंडू एकाने गुडघे टेकून, उघड्या हाताने थांबवायचा, दुसऱ्याने गोलावर मारायचा. चाळीस वर्षे वरल्या आळीचा तो हात आबांचा. वयाची पासष्टी उलटली, बोटे चार वेळा मोडली, तरी काल्याच्या दिवशी तो मान कुणी त्यांच्याकडून घेतला नव्हता.

*

ऊन डोक्यावर आले. हंडी फुटली. दह्याचे थेंब अंगावर मिरवीत माणसे माळाच्या कडेला बसली, पळसांच्या विरळ, जाळीदार सावलीत. बुवांनी चेंडू भिरकावला, आणि धूळ उठली: तांबडी, तरल, तेजोमय.

माणिक खेळला, पण कसा? गोलापासून दूर, दूर. चेंडू आला की लगेच दुसऱ्याला. गोलापुढच्या अर्धवर्तुळाच्या चुन्याच्या रेषेशी पोहोचला की पाय मागे वळत, जणू ती रेषा नव्हे, डोह आहे.

"मेव्हणं," खाललीकडून हिंदुराव दाजी ओरडले, "तिकडं बी असंच लाजत व्हता का? गुलाल घिऊन येऊ का, लगीन लावून टाकतो चेंडूशी."

माळ हसला. हिंदुराव म्हणजे शेवंताआक्काचा नवरा, माणिकचे दाजी. छाती दाराएवढी, जीभ त्याहून लांब. खालल्या आळीतर्फे कॉर्नरला सर्वांत आधी धावून येणारा गडी तोच. गेल्या सात वर्षांत त्याच्या अंगावरून वरल्या आळीला एकही गोल करता आला नव्हता. धावायचा तो सरळ, चेंडूच्या तोंडावर, डोक्याला फक्त तांबडा रुमाल बांधून.

दिवस उतरणीला लागला असता शिटी वाजली.

कॉर्नर. वरल्या आळीला कॉर्नर.

"माणिक," सगळा माळ म्हणाला. "माणिक. माणिक."

सूर्य पळसांच्या मागे उतरला होता. फुले आणि किरणे यांतला भेद मिटला होता. गोलरेषेवर खालल्या आळीचे पाच जण वाकून उभे. त्यांच्या मधोमध तांबडा रुमाल. त्या रुमालाखाली दोन डोळे, हसरे, निर्धास्त.

आबा अर्धवर्तुळाच्या टोकाशी गुडघे टेकून बसले होते, तळहाताने माती सारखी करीत. देवापुढे रांगोळीची जागा सारवावी तशी, हळू, एकेक खडा वेचून. माणिक त्यांच्याजवळ वाकला.

"आबा, दुसऱ्या कुणाला मारू द्या."

"का?"

"तिकडं माझ्या चेंडूनं एकाचा डोळा गेला."

मातीवरचा हात थांबला. दूर देवळात कुणी वीणा उतरवून ठेवीत होते. तिची एक तार हलकेच झंकारली.

"म्हणून आलास?"

"म्हणून आलो."

"आन् वेशीवर काय काय लिवलंय," आबा म्हणाले. रागावले नव्हते. त्यांनी आणखी एक खडा वेचला, पाहिला, मागे टाकला. "लेकरं हायत का त्या माणसाला?"

"एक लेक हाय."

आबांनी डोळे मिटले. ओठ हलले. कुणासाठी काय मागितले, ते त्यांचे त्यांना आणि गोपाळाला ठाऊक.

"दाजींना बाजूला व्हायला सांगतो," माणिक कुजबुजला.

"सांगून बघ. तुझ्या आक्कानं सात वर्सं सांगून बघितलंय."

"आबा, हात थंड पडलाय माझा. खरंच सांगतो."

तेव्हा आबांनी आपल्या वाकड्या बोटांत त्याचे मनगट धरले. ती बोटे उष्ण होती, आणि सकाळच्या बुक्क्याने अजून काळी.

"हे बघ. चाळीस वर्सं मी चेंडू थांबवून देतोय. ज्याचा हात भीत न्हाई, त्यानं माझी बोटं मोडली. चारी डाव तसल्यांनीच. इथं उभं हायत त्यांतल्या एकाच्याबी हातात भ्या न्हाई, माणका. म्हणून तूच मार."

शिटी.

*

गोलरेषेवरून चेंडू सुटला. पांढरा, काळ्या टिळ्याचा, मुरमावर तडतडत, उड्या घेत. टिळा वर, टिळा खाली, डोळा उघडा, डोळा मिटला, उघडा, मिटला.

हिंदुराव सुटला. दाराएवढी छाती, तांबडा रुमाल, मागे धुळीचा लोळ.

आबांचा तळहात चेंडूवर पडला. थाप. मृदंगावर पडावी तशी. चेंडू निश्चल. हात उचलला.

आणि माणिकच्या दंडातून विहिरीचे पाणी उतरले. समोर रुमाल नव्हता, पिंगट केस होते. माळ नव्हता, निळे मैदान होते. गोविंदा, त्याच्या आत कुणी म्हणाले, गोविंदा, याला सांभाळ. त्याने चेंडू उचलला नाही. मनगट फिरवले नाही. पाते जमिनीला टेकवून, जोर चौथाईवर आणून, त्याने चेंडू नुसता लोटला. खाली, अगदी खाली, मातीला चिकटवून, दाजींच्या पावलांपासून हातभर दूर. नदीत दिवा सोडावा तसा.

चेंडू निघाला. सरळ, नम्र, भूमिगामी.

वाटेत एक खडा होता. आबांच्या हाताला न लागलेला, वाटाण्याएवढा.

चेंडू उसळला.

उसळला, वळला, वर चढला, आणि धावत्या माणसाच्या तोंडाशी पोहोचला. तांबडा रुमाल हवेत उडाला. हिंदुराव कोसळला, पालथा, दोन्ही हात तोंडावर, आणि धुळीचा लोळ त्याच्यावरून वाहून गेला.

माळ गप झाला. यमुनेच्या काठी झाला होता तसा गप. पळसाचे एक फूल गळून पडले, तेही ऐकू आले. मग आक्काची एकच हाक, नाव नसलेली, शब्द नसलेली, देवळाच्या भिंतीवर आपटून परत आलेली.

माणिकच्या हातातली काठी गळून पडली. तो धावला. सारी आठ वर्षे, सारे समुद्र, सारे निळे मैदान त्या वीस पावलांत मावले. पाण्यात कोण जाणार? तो गेला. धुळीत गुडघे टेकले, त्या जड देहाला उताणे केले, मांडीवर ते मस्तक घेतले. तोंडावर दोन्ही हात घट्ट. बोटांच्या फटींतून माती.

"दाजी."

माणिकने खांदा हलवला.

"दाजी, हात काढा. डोळं उघडा. दाजी, पाया पडतो, डोळं उघडा."

हात हलले नाहीत. माणिकचे थंड हात त्या हातांवर गेले. एक बोट सोडवले. दुसरे. तिसरे. गालावर माती, भुवईवर माती, पापण्यांवर तांबड्या धुळीचा जाड लेप. आणि कपाळावर, जिथे रुमालाची गाठ होती तिथे, चेंडू निसटता घासून गेल्याची एक काळी बारीक रेघ. बुक्क्याची.

"उघडतो की," हिंदुरावचे ओठ हलले. "आधी माती तर झाडशील? का आंधळा करतोस मला?"

माणिकला तो शब्द लागला, आत, खोल. आणि त्याच क्षणी त्याच्या घशातून असा हुंदका फुटला की आठ वर्षांत त्याच्या तोंडून कुणी काही ऐकले नव्हते ते सगळे त्यात होते. तो सदऱ्याच्या टोकाने माती पुसू लागला. उजवी पापणी. डावी पापणी. डावी पुसताना हात थांबला, पुन्हा पुसू लागला.

आक्का येऊन उभी होती, पदर मुठीत आवळून. आबा आले, लंगडत, गुडघ्यांवर मुरमाने काढलेले रक्त. चेंडू गोलात जाऊन कधीचा थांबला होता. सात वर्षांत पहिल्यांदा. तो कुणी पाहिला नाही.

"बघा माझ्याकडं," माणिक म्हणाला. "दाजी, बघा."

पळसांच्या मागून शेवटचे किरण आडवे आले. देऊळ केशरी झाले, माळ केशरी झाला, धूळ केशरी झाली. धुळीने माखलेल्या पापण्या थरथरल्या. उजवी उघडली. आणि मग, हळू, फार हळू, डावी.

दोन डोळे. ओले, तांबूस, रागावलेले. आणि त्या दोन डोळ्यांत, मावळता मावळता थांबलेले, दोन सूर्य.