दूध पावडरचा डबा

आमच्या समोरच्या दारातले अमजदभाई सौदीत पंचवीस वर्षं क्रेन चालवून पनवेलला परतले आणि रिकामपणी मोबाईलवर व्हिडिओ बघून डॉक्टर झाले. त्यांचं डोकं दुखायचं. खऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढलाय. पण नंबर वाढल्याचे व्हिडिओ कोण करतो? भाईंनी ठरवलं, हे मोबाईलचं रेडिएशन. हे ज्ञानही त्यांना मोबाईलवरच झालं, पण बोलायची सोय नाही.

त्यांनी सौदीहून आणलेला दूध पावडरचा पत्र्याचा डबा काढला, स्वतःचा आणि झुबेदाभाभींचा फोन आत घातला आणि झाकण ठोकून बसवलं.

"तीन दिवस मोबाईलचा रोजा!"

"रोजा संध्याकाळी सुटतो तरी," भाभी म्हणाल्या. "माझा फुजैल रोज फोन करतो, त्याचं काय?"

"तीन दिवसांनी बोल. पळून जातोय का तो?"

फुजैल त्यांचा एकुलता एक, कतारला नोकरीला. तीन वर्षं घरी आला नव्हता. दरवेळी म्हणायचा, सुट्टी मिळत नाही. दर ईदला भाभी शिरखुर्म्याची वाटी कॅमेऱ्यासमोर धरायच्या. मला ते बघवायचं नाही.

मी असते तर झाकण उचकटलंच असतं. पण मी नेमकी चिरनेरला, भाचीच्या हळदीला. आम्हा आगऱ्यांच्या हळदीत डीजेपुढे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे पर्समधला फोन कुठला ऐकू येणार? तिसऱ्या दिवशी निघताना बघते, तर फुजैलचे सव्वीस मिस्ड कॉल! उलट लावला, तर बंद.

घरी पोचले तेव्हा तो बॅग घेऊन जिन्यातच भेटला. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"किशोरीकाकी, अब्बा गेले ना? खरं सांगा!"

तेवढ्यात भाभींनी दार उघडलं. अब्बा सुरमई खात बसले होते. रोजा फक्त मोबाईलचा होता.

फुजैल उंबऱ्यातच बसला आणि हमसून हमसून रडला. मग तेवढ्याच जोरात बापावर ओरडला. भाई माशाचा काटा हातात धरून ऐकत राहिले.

"डोकं दुखायचं तरी थांबलं का?" मी विचारलं.

"थांबलं होतं," ते म्हणाले.

भाभी लेकाच्या तोंडावरून हात फिरवत होत्या. "आणि सुट्टी कशी मिळाली रे?"

"मागितली. साहेबांनी पाच मिनिटांत दिली," फुजैल बोलून गेला आणि खाली बघू लागला. भाभी त्याचं ताट वाढायला उठल्या. मला मात्र त्याचा कान पिळावासा वाटला.

आठ दिवसांनी तो परत निघाला. बापाला नवा चष्मा करून दिला, डबा भंगारात द्यायला बजावलं. "पुढच्या वर्षी नक्की येतो, अम्मी."

रिक्षा वळली. भाभींनी डोळे पुसले, घरात जाऊन डबा स्वच्छ धुतला आणि फळीवर नीट ठेवला. मग मला विचारलं,

"किशोरी, तुमच्या चिरनेरला पुढची हळद कधी हाय?"