किती वेळ थांबायचं

तिने शेवटचा स्क्रू काढला आणि खोक्याचं झाकण वडिलांच्या शिलाई मशीनच्या फळीवर आपटलं. आत तळहाताएवढी सर्किटची पाटी, एक बारीक हिरवा दिवा आणि भावाने चिकटवलेली पांढरी पट्टी. पट्टीवर त्याच्या गोलगोल अक्षरात लिहिलं होतं, ‘बाबा’.

"नाव मात्र छान घातलंस," ती म्हणाली.

धाकटा भाऊ दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. आतल्या खोलीत वडील प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून पडले होते. न्हाणीघरात घसरले तेव्हा मनगटावरचं बटण त्यांनी दाबलं होतं. पुन्हा पुन्हा दाबलं होतं. बटण दाबलं की भावाने घरीच बनवलेल्या या खोक्याने त्याच्या फोनवर हाक द्यायची, एवढंच त्याचं काम. खोका ढिम्म राहिला. वडिलांची सगळी रात्र फरशीवर गेली. सकाळी शेजारीण शिडी परत करायला आली म्हणून सापडले.

तिने खोका लॅपटॉपला जोडला. काय झालं ते कळायला वेळ लागला नाही. खोका अधूनमधून भावाकडे ‘सगळं ठीक’ असा निरोप पाठवी आणि पोच येईपर्यंत थांबे. त्या संध्याकाळी निरोप गेला आणि इंटरनेट तुटलं. थोड्या वेळाने ते परत आलं, पण ती पोच आलीच नाही. वडील बटण दाबत होते तेव्हाही खोका पोचेचीच वाट बघत बसला होता.

हे वाट बघणं तिनेच लिहिलेलं होतं. असल्या खोक्यांत मावेल अशा एका चिमुकल्या प्रोग्रॅमिंग भाषेसाठी तिने लायब्ररी, म्हणजे कुणालाही आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरता येईल असा तयार कोड, लिहिली होती. दुसऱ्या यंत्राशी जोडणी करायची, निरोप द्यायचा, उत्तर घ्यायचं, ही सगळी कामं ती लायब्ररी करी. भावानेही खोक्यात तीच वापरली होती. कुठले कुठले लोक ती फुकट वापरत आणि वर कुरकुरत. उत्तर आलं नाही तर किती वेळ थांबायचं, हे लायब्ररी स्वतः ठरवत नसे; कुणी मर्यादा घातली नाही तर ती थांबूनच राही. यावरून लोकांनी तिच्याशी पुष्कळ हुज्जत घातली होती. ती बधली नव्हती. कुणाचं यंत्र कसलं, काम कसलं, हे आपण इथे बसून कसं ठरवणार? ज्याला वापरायचंय त्याने थोडं डोकं चालवावं.

"दिवसभर चष्मे विकतोस आणि स्वतः काही वाचत नाहीस," ती म्हणाली. "लायब्ररीच्या पुस्तिकेत पहिल्याच प्रकरणात आहे. ठळक अक्षरात. मर्यादा घाला."

"भांडायचं तर इकडे येऊन भांडा," आतून वडील म्हणाले. "अर्धंच ऐकू येतंय."

तिने आवाज चढवला. बाबा आता इथे एकटे राहणार नाहीत, प्लास्टर निघेपर्यंतच नव्हे, कधीच नाही. ती त्यांना आपल्याकडे नेणार. असल्या डबड्याच्या भरवशावर तर एक दिवसही ठेवणार नाही.

"मी काय शिलाई मशीन आहे, उचलून न्यायला?" वडील म्हणाले. मग त्यांचा आवाज खाली आला. "मी माझ्या घरीच राहणार."

भाऊ चौकटीपासून सुटा झाला.

"मर्यादा घातलीय, ताई. वर बघ."

तिने पडद्यावरचा मजकूर वर सरकवला. मर्यादा होती. पण जोडणी करण्याला. जोडणी झाल्यावर उत्तरासाठी थांबायचं, त्याची मर्यादा वेगळी घालावी लागे. ती त्याने घातली नव्हती.

"ही जोडणीची आहे. उत्तराची वेगळी असते." राग पुन्हा हाताशी आल्यासारखी ती भराभर बोलू लागली. "कळत नव्हतं तर विचारायचं ना. फोन नाही तुझ्याकडे?"

"विचारलं होतं."

"कधी?"

"गेल्या वर्षी. तुझ्या लायब्ररीच्या वेबपानावर. टोपणनावाने."

"सख्ख्या बहिणीला टोपणनावाने?"

"फोनवर तू माझ्यावर चिडतेस," तो म्हणाला. "तिथे निदान सगळ्यांवर सारखीच चिडतेस."

तिने पान उघडलं. बंद केलेल्या प्रश्नांत त्याचा प्रश्न सापडला. जोडणीला घातलेली मर्यादा उत्तरालाही लागू होते का? घरी वडील एकटे असतात, म्हणून विचारतो. खाली तिचं उत्तर होतं, ‘पुस्तिका वाचा.’ त्याच दिवशी प्रश्न बंद.

"मग वाचलीस?" तिने विचारलं. तिचा आवाज अजून कडकच होता.

"दोनदा."

तिने पुस्तिका उघडली. पहिलं प्रकरण ती कधी वाचत नसे. तिनेच लिहिलेलं, वाचायचं काय. आता बोट पडद्यावर ठेवून ती ओळीओळीने खाली आली. मर्यादा घाला, असं ठळक अक्षरात होतं. कोणती, ते कुठेच नव्हतं.

ती पुन्हा वर गेली आणि पुन्हा खाली आली. तिचा जबडा आवळलेलाच होता. झाकण तिने उचललं, उलटंपालटं केलं आणि या वेळी आवाज न करता फळीवर ठेवलं. भावाकडे तिने पाहिलं नाही. ती त्या जुन्या प्रश्नावर परत गेली, त्याच्याखालचं बटण दाबून तिने तो पुन्हा उघडला आणि दोन ओळी टाइप केल्या. एक पुसली. उरलेली पाठवली.

भावाच्या खिशात फोन वाजला.

त्याने तो बाहेर काढला, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि वाचत राहिला. एवढ्याशा ओळीला लागावा त्याहून जास्त वेळ.

"वाजला ना?" वडिलांनी आतून विचारलं. ते मनगटावरचं बटण दाबत असल्याची टकटक ऐकू येत होती. "माझं बटण लागलं का रे?"

"नाही, बाबा," भाऊ म्हणाला. "ताईचं उत्तर आलं."