यंदा पत्रे घासायचे नाहीत

दत्तरावांनी उभ्या हयातीत अर्ध्या पूर्णा गावावर छप्पर घातलं. सिमेंटचे पत्रे करवतीनं कापायचे, भोकं पाडायची, हुकांनी आवळायचे आणि संध्याकाळी घरी यायचं ते मिशांसकट पांढरं होऊन. बायको सत्यशीला दारातच त्यांचा सदरा झटकायची. वर हसायची, "आलं बघा गिरणीवालं, पीठ घिऊन!"

ते पीठ कसलं होतं, हे गेल्या महिन्यात नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं. त्या पत्र्यात बारीक धागे असतात. डोळ्याला दिसत नाहीत, छातीत गेले की बाहेर येत नाहीत, आणि दुखणं वर येतं ते वीस-तीस वर्षांनी. दत्तरावांची छाती आता आखडत चालली होती, आणि ती पूर्ववत करणारं औषध नव्हतं. घरावरच्या पत्र्यांचं विचारलं, तर डॉक्टर म्हणाला, शाबूत आहेत तोवर राहू द्या. घासू नका, कापू नका, फोडू नका. धूळ झालीच तर झाडू लावायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायची.

आता आली का पंचाईत! दर साली भीमजयंतीच्या आधी दत्तराव तारेच्या ब्रशनं पत्र्यावरचं शेवाळ खरडून चुना मारायचे, उन्हाळ्यात घर थंड राहावं म्हणून. आणि खाली पडलेला भुगा झाडायला सत्यशीलाच.

"यंदा पत्रे घासायचे न्हाईत," तिनं ठणकावलं.

"नगं. पर बालाजीला कायी सांगू नको," दत्तराव धापा टाकत म्हणाले. "लेकरू सालातून एकदा येतंय. उगं घोर कशाला? दमा हाय म्हन."

झाकली मूठ सव्वा लाखाची. तिनं मूठ झाकली, आणि तिथंच बाईचं चुकलं.

जयंतीला दोन दिवस होते तेव्हा बालाजी पुण्याहून आला, बायको प्रियांका आणि चार वर्षांच्या पिंकीला घेऊन. दुसऱ्या दिवशी सत्यशीला दत्तरावांना दवाखान्यात घेऊन गेली. रांगेतच दुपार झाली. परत येऊन ऑटोतून उतरते, तर बालाजी छपरावर. हातात घासायचं मशीन, भाड्यानं आणलेलं.

"माय, बघ!" तो वरून ओरडला. "दादाला दोन दिवस लागायचे, म्या दोन घंट्यात उरकलं! दादाला आता चढवत न्हाई, मग मीच करावं म्हनलं. आता फकस्त चुना राहिलाय."

सत्यशीला आत धावली. पत्र्याच्या फटींतून सगळं घरात उतरलं होतं. भांड्यांवर, गादीवर, बाबासाहेबांच्या तसबिरीवर. पिंकी जमिनीवर बसून त्यात बोटानं घर काढत होती. आजी दिसताच तिनं टाळ्या वाजवल्या. हातातून पांढरा लोट उठला.

"आज्जी, पीठ!"

तिनं पोरीला उचललं, पदरानं तोंड पुसलं, पण आत गेलेलं कसं पुसणार? वीस-तीस वर्षं. पिंकी तेव्हा प्रियांकाएवढी असेल, आणि आजी बघायलाही नसेल.

"तुमी बसा, मी झाडून घेते," प्रियांकानं झाडू उचलला.

"झाडू नको!" सत्यशीला किंचाळली.

बालाजी शिडीवरून उतरून दारात आला. मिशांसकट पांढरा, अगदी बापासारखा. उंबऱ्याशी टेकलेल्या दत्तरावांनी लेकाकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

"काय चुकलं का गं माय?" बालाजीनं विचारलं.

इतक्या वर्षांच्या सवयीनं तिचा हात त्याचा सदरा झटकायला वर गेला, आणि तसाच हवेत राहिला.